सातवी ब च्या एकतीस वह्या

एकतीस वह्यांपैकी सव्वीस वह्यांत आजी पहाटे उठली होती. सव्वीसही आज्यांचे केस चांदीसारखे होते आणि हातांना ताज्या भाकरीचा वास होता. सव्वीसच्या सव्वीसजणी नातवंडांना मांडीवर घेऊन वतनावर प्रेम करायला सांगत होत्या. उरलेल्या पाचांपैकी चार वह्या घरी विसरल्या होत्या आणि पाचव्या मुलाने 'माझी आजी' या विषयावर आपल्या सायकलीचं वर्णन केलं होतं.

ओयदिन आपाने लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. अकरा वर्षं ती मार्गिलानच्या त्या शाळेत भाषा शिकवत होती आणि सगळा मोहल्ला तिला ओळखीचा होता. या सव्वीस आज्यांपैकी तिघी नातवंडं जन्मायच्या आधीच देवाघरी गेल्या होत्या. दोघींचं आपल्या सुनांशी बोलणं नव्हतं. आणि एक आजी तर तिच्या भिंतीपलीकडेच राहायची. ती नऊच्या आत उठल्याचं अजून कोणी पाहिलेलं नव्हतं.

"सगळ्यांना चार चार देऊन मोकळी हो," चहाच्या पेल्यात फुंकर घालत सासूबाई म्हणाल्या. सालोमत सासूबाईंचा शिक्षणक्षेत्रातला अनुभव दुसरीपर्यंतचा होता, पण मतं उच्चशिक्षणाची होती. "आमच्या वेळचे मास्तर वही उघडतसुद्धा नसत. वरून वजन बघायचे. जड वही, पाच गुण. हलकी वही, तीन गुण."

"आणि मुलं शिकायची?"

"मी शिकले की."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तेवढ्यात पाळण्यातली आठ महिन्यांची उमिदा जागी झाली. तिला मांडीवर घेतल्याबरोबर तिने लाल पेन तोंडात घातलं आणि समोरच्या वहीवरच्या आजीला लाळेने न्हाऊ घातलं. ओयदिनने ते पुसलं आणि खाली शेरा लिहिला, 'आजी छान आहे. पण ही कोणाची आजी?' तोच शेरा तिने पंचवीस वेळा लिहिला आणि पंचविसाव्या वेळी तिच्या लक्षात आलं, की आता आपणही नक्कलच करतोय.

हे मात्र तिला झोंबलं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वर्गात जाऊन तिने फळ्यावर विषय लिहिला: 'गेल्या रविवारी आमच्या घरी खरोखर काय झालं'.

वर्गात चुळबुळ झाली. हा विषय कुठल्याही मार्गदर्शकात नव्हता आणि फोनवर शोधून सापडण्यातला नव्हता.

"खरोखर म्हणजे किती खरोखर, आपा?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

"जेवढं झालं तेवढं."

"आणि वाचणार कोण?"

"मी. माझ्याशिवाय दुसरं कोणीही नाही."

"मुख्याध्यापकसुद्धा नाही?"

"नाही."

"आई?"

"आई तर मुळीच नाही. माझा शब्द."

शेवटच्या बाकावर नोझिमा बसायची. वर्षभर तिने एकाही निबंधात दोन ओळींच्या पुढे मजल मारली नव्हती. तिने मान वर करून ओयदिनकडे पाहिलं. आपण सुटे पैसे घेताना नाण्याकडे बघतो ना, तसं, खरं आहे का ते पारखत. मग मान खाली घालून ती लिहायला लागली. सगळेच लिहायला लागले. अकरा वर्षांत असली शांतता ओयदिनने फक्त सुट्टीच्या दिवशी ऐकली होती.

त्या वह्यांत काय होतं हे सांगायला हरकत नसावी. पण शब्द ओयदिनने दिला असला तरी गोष्ट सांगणाऱ्यालाही तो पाळावाच लागतो, म्हणून एक सोडून बाकीची नावं गाळून सांगतो. एका घरी रस्त्याच्या टोकाला काकाचं कुटुंब येताना दिसलं आणि सगळं घर मागच्या खोलीत श्वास धरून बसलं. काका अर्धा तास दार वाजवत होता, कारण आत चहाची किटली शिट्टी मारत होती. एका घरी गुडघेदुखीने वर्षभर न उठलेली आजी, घरात कोणी नाही असं समजून, दूरचित्रवाणीसमोर नाचली. एका घरच्या वडिलांनी बैठकीत मित्रांसमोर स्वतः रांधलेला म्हणून जो पुलाव वाढला, तो मागच्या दाराने खानावळीतून आला होता आणि कढईसुद्धा खानावळीचीच होती.

ओयदिन हसली, इतकी हसली की उमिदाही कारण नसताना हसायला लागली. मग हसू थांबलं आणि अडचण सुरू झाली. निबंधाला गुण दोन द्यायचे असतात, वर आशयाचे आणि खाली भाषेचे, मधे रेघ. आजवर वर तीन आणि खाली पाच देऊन ती कंटाळली होती. आता वर पाच आणि खाली दोन! नाचणाऱ्या आजीच्या निबंधात एकही वाक्य धड संपत नव्हतं, पण आजी जिवंत होती. लाल पेन चालवावं तर आजी लंगडायला लागणार.

सर्वांत शेवटी तिने नोझिमाची वही घेतली. दोन पानं भरलेली होती. नोझिमाचे वडील तीन वर्षांपासून रशियात कामाला होते. रविवारी दुपारी त्यांचा फोन येणार होता. आई नवा रेशमी झगा घालून फोनसमोर बसली. संध्याकाळ झाली. आई म्हणाली, तिकडे वाऱ्यामुळे लाईन गेली असेल. नोझिमाने लिहिलं होतं, 'त्या दिवशी आईने चार किलो कांदा चिरला आणि पुलाव केलाच नाही. मला कळलं. पण मला कळलंय हे आईला कळू नये म्हणून मी बाहेर जाऊन दोरीवरच्या उड्या मारल्या.'

ओयदिनने पेन खाली ठेवलं. त्या वहीवर तिने कुठलेच गुण दिले नाहीत.

इथवर सगळं ठीक होतं. पण मुलं ती मुलंच. सोमवारीच जेवताना एकाने घरी जाहीर केलं, "मी सगळं खरं लिहिलं."

"सगळं म्हणजे काय?" आईच्या हातातला चमचा थांबला.

"ते सांगता येणार नाही. आपांचा शब्द आहे."

त्या दिवशी संध्याकाळी ओयदिनचं दार वाजलं. दारात पावाची भट्टी चालवणारी एतिबोर, हातात फडक्याने झाकलेला वाडगा, वाडग्यात मटण भरून भट्टीत भाजलेले सहा गरम समसे.

"सहज केले होते. म्हटलं, लेकुरवाळी आहेस, तुला कुठे वेळ," असं म्हणत ती आत डोकावली. "वह्या तपासून झाल्या का गं?"

"होताहेत, एतिबोर आपा."

"आमचा मुलगा अक्षर फार वाईट काढतो. काही वाचता आलं नाही तर न वाचलेलंच बरं!"

पाठोपाठ चार घरं सोडून राहणारी मस्तुरा आली. तिच्या वाडग्यात बिहीच्या फळांचा मुरंबा होता आणि त्यात अक्रोडाची अर्धुकं. असा मुरंबा अख्ख्या मोहल्ल्यात फक्त तीच करते. तिचंही काम सहजच होतं. मंगळवारी नऊ वाडगे आले, बुधवारी दहा.

आता आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत पाठवणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. ओयदिनने एकदा नुसता धुतलेला वाडगा उचलला मात्र, सासूबाई कडाडल्या, "रिकामा? आपल्या घरातून? सूनबाई, मी जिवंत आहे अजून!"

"अहो, पण एकवीस वाडगे भरायला मी रांधू कधी आणि वह्या तपासू कधी?"

"त्यात काय अवघड? याचं त्याला, त्याचं याला."

सल्ला व्यवहारी होता. ओयदिनने एका हाताने पाळणा हलवत दुसऱ्या हाताने मस्तुराचा मुरंबा एतिबोरच्या वाडग्यात घातला, एतिबोरचे समसे तिसरीला, तिसरीच्या खिमा भरून वाफवलेल्या मंती मस्तुराला. अर्ध्या तासात अंगण मोकळं झालं. आपण इतक्या हुशार आहोत हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

एतिबोरने घरी फडकं उचललं. अक्रोडाची अर्धुकं पाहिली. मान हलवली आणि नवऱ्याला म्हणाली, "मस्तुरानेही पाठवलाय. म्हणजे तिच्याही घरी काहीतरी झालंय." तिकडे मस्तुराने मंती ओळखल्या. तिसरीने समसे ओळखले. बुधवारी रात्रीपर्यंत कोणी काय लपवलंय हे कोणालाच माहीत नव्हतं, पण कोणकोण लपवतंय हे सगळ्यांना माहीत झालं. आणि किती लपवलंय याचं मापही मिळालं होतं. समसे पाठवलेत तर किरकोळ भांडण. मंती पाठवल्यात तर सासूसुनेचं. मटण घातलेला पुलाव पाठवला, तर मग काही विचारूच नका.

ज्या घरांनी काहीच पाठवलं नाही, त्यांच्याविषयी तर फारच वाईट बोललं जात होतं. नळाजवळ मस्तुरा म्हणाली, "त्यांचं इतकं मोठं असणार, की वाडग्यात मावत नाही."

त्या न पाठवणाऱ्यांत नोझिमाची आई झेबोही होती.

या सगळ्यात खूश होत्या त्या सालोमत सासूबाई. तीस वर्षं त्यांच्या दारावरून लोक पुढे जात, आता प्रत्येक जण थांबत होता. "आमच्या सूनबाईच्या पोटातून एक शब्द बाहेर यायचा नाही," असं त्या प्रत्येकीला सांगत. पण असं काही रोखून बघत, की ऐकणारी घरी जाऊन आणखी एक वाडगा भरी.

बुधवारी शाळेत उपमुख्याध्यापिका शोहिस्ता रहिमोव्ना यांनी ओयदिनला बोलावलं. त्या उभ्याने बोलत आणि समोरच्याला बसायला सांगत, म्हणजे समोरचा आपोआप लहान व्हायचा.

"शुक्रवारी जिल्ह्याची समिती येतेय. तुमच्या बढतीचा कागद त्यांच्याकडेच आहे. सातवी ब चं सर्जनशील लेखन मांडायचंय. एकतीस निबंध, निळी कव्हरं, प्रत्येक पानावर पालकाची सही."

"वह्या देता येणार नाहीत."

"का?"

"मी शब्द दिलाय."

शोहिस्ता रहिमोव्नांनी टेबलावरच्या चार जाडजूड नोंदवह्यांकडे पाहिलं. "शब्द कुठल्या नोंदवहीत नोंदवलाय?"

"नोंदवलेला नाही."

"मग तो दिलेला नाही." त्यांनी चष्मा काढला, म्हणजे आता त्या प्रेमाने बोलणार होत्या. "ओयदिन, ही बढती तीन वर्षं अडकलीय. वह्या नाहीत, तर बढती नाही. उद्या दुपारी मी पालकांना सह्यांसाठी बोलावलंय. वर्ग उघडा ठेव."

घरी नवऱ्याने विचारलं, काय करणार? ओयदिन म्हणाली, बघू. तिला खरंच काही सुचलेलं नव्हतं. पण सुचेल याची तिला इतकी खात्री होती, की ती बेफिकीर झोपली.

गुरुवारी दुपारी एकतीस आया आल्या. मुलांच्या शाळेतल्या कार्यक्रमाला कधी सहाच्या वर आल्या नव्हत्या. एतिबोर पिठाच्या हातानेच आली होती. ओयदिनने वह्यांचं गाठोडं टेबलावर ठेवून त्यावर हात ठेवला होता.

"सही कुठे करायची?" एतिबोरने विचारलं. "म्हणजे वाचूनच करावी लागेल ना!"

"मला बाकीच्यांचं काही बघायचं नाही, नुसतं आमच्या पोराचं दाखवा," मस्तुरा म्हणाली.

"तुला बघायचं नाही?" एतिबोर फिसकन हसली. "मग काल माझ्या पोराला टॉफी देऊन काय विचारत होतीस?"

"अभ्यास विचारत होते!"

"आधी आपल्या पोराला विचार!"

गलका वाढला. एकजण टेबलापर्यंत पोचली, दुसरीने तिची बाही ओढली. ओयदिनने पट्टी आपटली. वर्ग चूप झाला. एकतीसजणी चटदिशी बाकांवर बसल्या, काही तर आपल्याच जुन्या बाकांवर. अकरा वर्षांची सवय ओयदिनच्या आवाजात आली आणि तिला एकदम सुचलं.

"वही हवीय? देते," ती म्हणाली आणि कोरे कागद वाटायला लागली. "विषय तोच. गेल्या रविवारी आमच्या घरी खरोखर काय झालं. एक पान. जी खरं लिहील, तिची वही तिला. वर आपलं नाव घालायचं."

"आम्ही?"

"तुमच्या घरी लपवण्यासारखं काही आहे का?"

हा प्रश्न एकतीसजणींच्या समोर विचारला गेला होता. उत्तर एकच असू शकत होतं. सगळ्यांनी पेनं मागितली.

पुढची चाळीस मिनिटं ओयदिन आयुष्यभर विसरली नाही. मस्तुराने कोपराने कागद झाकला. एतिबोरने मागे वळून बघितलं, तिला दटावावं लागलं. एकीला पाणी प्यायला जायचं होतं. दोघीतिघींनी टेबलाखाली फोन काढले. मागून कोणीतरी विचारलं, "आपा, कच्चं करून मग पक्कं लिहू का?"

कागद गोळा झाले. ओयदिनने पहिला वाचला. 'रविवारी आमचं कुटुंब पहाटे उठलं.' दुसरा, 'रविवारी पहाटे उठून आम्ही सगळे आनंदाने एकत्र बसलो.' तिसऱ्यात आजी होती आणि तिचे केस चांदीसारखे होते.

तीसही कागद असेच होते.

"आशयाला दोन," ओयदिन म्हणाली. "सगळ्यांना."

"दोन?" एतिबोर उठून उभी राहिली. "मी काय खोटं लिहिलं?"

"तुम्ही लिहिलंय, रविवारी सकाळी भट्टी बंद ठेवून मुलाला गोष्टी सांगत होता. सकाळी नऊ वाजता तुम्ही बाजारात माझ्या सासूबाईंशी बटाट्यांवरून भांडत होता. मी पिशवी धरून उभी होते."

प्रत्येकीला आपला रविवार आठवत होता. मग एकेक उठून निघाली, सही न करता, वही न मागता. मस्तुरा दारात थांबून म्हणाली, "दोन फार कमी आहेत हं, आपा. अक्षराचे तरी द्यायला हवे होते."

दुसऱ्या दिवशी समितीचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यात काही विशेष नाही. शोहिस्ता रहिमोव्ना वर्गात आल्या तेव्हा टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. "हे काय?" त्यांनी विचारलं. "सातवी ब," ओयदिन म्हणाली, "च्या घरच्यांनी लिहिलंय." पण शोहिस्ता रहिमोव्नांना वाक्याच्या पहिल्या अर्ध्यापर्यंतच ऐकायची सवय होती. त्यांनी प्रत्येक पानावर पालकाचं नाव पाहिलं, अक्षर पाहिलं आणि गठ्ठा घेऊन गेल्या. निळी कव्हरं घालून त्याची मांडणी झाली. समितीने 'विद्यार्थ्यांच्या विचारांतली एकवाक्यता उल्लेखनीय' असा शेरा मारला आणि बढतीचा कागद सही करून दिला. ओयदिनने दोनदा खुलासा करायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिला विनयशील म्हणून गौरवण्यात आलं.

पण गुरुवारी गठ्ठ्यात तीसच कागद होते.

सगळ्या गेल्या तरी शेवटच्या बाकावर एकजण अजून लिहीत होती. झेबो. तिने काही विचारलं नव्हतं, कोणाच्या कागदात डोकावलं नव्हतं. वर्गात ऊन खिडकीपासून फळ्यापर्यंत सरकलं तेव्हा ती उठली आणि घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला.

"हा कोणाला दाखवायचा नाही," ती म्हणाली.

ओयदिनने वाचला. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. रविवार होता, रेशमी झगा होता, फोन होता, कांदा होता. शेवटचं वाक्य होतं, 'नोझिमा बाहेर दोरीवरच्या उड्या मारत होती, तिला काही कळलं नाही, बरं झालं.'

ओयदिनने कागदाची घडी पुन्हा घातली. 'जी खरं लिहील तिची वही तिला' असं ती एकतीसजणींसमोर बोलली होती आणि बोलताना तिची खात्री होती, की कोणी लिहिणारच नाही. मोठ्या आत्मविश्वासाने माणूस स्वतःला असं बांधून घेतो. आता तिचे दोन शब्द समोरासमोर उभे होते, एक मुलीला दिलेला, दुसरा आईला.

"मी खरं लिहिलंय, आपा," झेबो म्हणाली.

"माहीत आहे."

"मग वही..."

ओयदिनने गाठोडं सोडलं, नोझिमाची वही काढली आणि झेबोचा कागद तिला परत दिला. "चल माझ्याबरोबर."

नोझिमा शाळेच्या फाटकाजवळ, पाटाच्या कडेला तुतीखाली आईची वाट बघत बसली होती. ओयदिनने वही तिच्या हातात दिली. "ही तुझी. मी वाचली, दुसऱ्या कोणी नाही. तुझ्या आईनेही त्याच विषयावर लिहिलंय. तो कागद तिचा. आता कोणी कोणाला काय दाखवायचं, ते तुमचं तुम्ही बघा. मला घरी जायचंय, पोर रडत असेल."

"पण गुण, आपा?" झेबोने विचारलं. "मला किती?"

"ते मी नाही देणार," ओयदिन म्हणाली आणि वळली.

ती घरी गेली नाही. पर्स वर्गात राहिली होती म्हणून परत आत गेली, असं ती नंतर सांगायची. वर्गाच्या खिडकीतून पाट दिसत होता. मायलेकी दोघी तुतीखाली बसल्या होत्या. बराच वेळ दोघींच्या हातांत आपापलंच लिखाण होतं. मग नोझिमाने वही पुढे केली. झेबोने कागद दिला. मान खाली घालून दोघी वाचत होत्या. मधेच झेबोने डोळ्यांवर हात धरला आणि नोझिमा वाचता वाचता तिच्या खांद्याला टेकली.

मग नोझिमाने दप्तरातून पेन काढलं आणि आईच्या कागदावर खाली, कोपऱ्यात, काहीतरी लिहिलं. वर एक, खाली एक, मधे रेघ.

इतक्या लांबून ओयदिनला आकडे दिसले नाहीत. पण झेबो कागदावर बोट ठेवून तावातावाने काहीतरी म्हणत होती, पुन्हा पुन्हा एकच ओळ, अगदी शेवटची, दाखवत होती. आणि नोझिमा मान हलवत होती, नाही, नाही, या ओळीचे गुण कापावेच लागतील.